घरच्या संगणकावरील अ‍ॅडवेअर आणि फसवे पॉप-अप: आधी उगम शोधा, मग उपाय करा

पाठाचा उद्देश

पडद्याच्या कोपऱ्यात सारख्या जाहिराती उमटू लागल्या किंवा 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' अशी चौकट आली, की बहुतेक जण दिसेल ते अँटिव्हायरस उतरवून घेतात किंवा थेट विंडोज नव्याने टाकतात. यातले पहिले अनेकदा धोक्याचे असते आणि दुसरे बहुतेक वेळा अनावश्यक. या पाठात आपण जाहिरात नेमकी कोठून येते हे ठरवण्याच्या सोप्या चाचण्या पाहू. उगम कळला की उपाय सहसा काही मिनिटांचा असतो.

१. वेबपान काय करू शकते, काय नाही

ब्राउझर प्रत्येक वेबपान एका बंदिस्त आवारात चालवतो. याला सँडबॉक्स म्हणतात. तुम्ही स्वतः फाइल निवडून दिल्याशिवाय वेबपानाला तुमच्या डिस्कवरील फाइली वाचता येत नाहीत. त्यामुळे 'स्कॅन पूर्ण, पाच व्हायरस सापडले' असे एखादे वेबपान सांगते, तेव्हा त्याने काहीही तपासलेले नसते. सरकत जाणारी ती पट्टी केवळ अ‍ॅनिमेशन असते.

अशा पानावर तुमचा आयपी पत्ता आणि शहराचे नावही दिसते. त्यानेही घाबरू नका. आयपी पत्ता प्रत्येक संकेतस्थळाला मिळतोच, नाहीतर उत्तर कोठे पाठवायचे हे सर्व्हरला कळणार नाही. शहराचा अंदाज त्याच पत्त्यावरून बांधलेला असतो.

२. जाहिरातीचे चार उगम

*(अ) संकेतस्थळ स्वतः.* फुकट चित्रपट, पायरेटेड पुस्तके किंवा क्रॅक केलेली सॉफ्टवेअर देणारी संकेतस्थळे कोठेही क्लिक केले तरी नवी टॅब उघडतात. येथे तुमच्या संगणकात बिघाड नसतो.

*(आ) नोटिफिकेशनची परवानगी.* 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' असे पान सांगते. रोबोट ओळखण्याशी त्या बटणाचा काही संबंध नसतो. ते दाबले की संकेतस्थळाला तुमच्या पडद्यावर हवे तेव्हा संदेश पाठवण्याची मुभा मिळते. ते पान बंद केले तरी संदेश येतच राहतात, म्हणून लोकांना तो व्हायरस वाटतो.

*(इ) एक्स्टेंशन.* पीडीएफ बदलणारे, कूपन शोधणारे, व्हिडिओ उतरवणारे एखादे एक्स्टेंशन 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे आणि बदलणे' ही परवानगी मागते. ती मिळाली की ते कोणत्याही पानात स्वतःच्या जाहिराती घुसवू शकते, तुमचे सर्च इंजिन बदलू शकते आणि तुम्ही पानावर काय टाइप करता तेही पाहू शकते.

*(ई) संगणकावरचा प्रोग्राम.* फुकट सॉफ्टवेअर बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेल्यास सोबतचा अ‍ॅडवेअरही बसतो. हा थर सर्वांत खोल असतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीपासूनच बसवलेला सुपरफिश हा अ‍ॅडवेअर याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याने विंडोजमध्ये स्वतःचे रूट प्रमाणपत्र टाकले होते, त्यामुळे एचटीटीपीएस असलेल्या पानांतही त्याला जाहिराती घुसवता येत. सर्व लॅपटॉपवर त्याची खाजगी किल्ली एकच असल्याने ती मिळालेल्या कोणालाही बनावट बँकेचे पान खरे म्हणून दाखवता आले असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाले. जाहिरात हा केवळ त्रास नाही, सुरक्षेला पडलेले भोक असू शकते, हे यावरून ध्यानात घ्या.

३. उगम शोधण्याच्या चाचण्या

या चाचण्या दिलेल्या क्रमानेच करा.

१. त्रास एकाच संकेतस्थळावर होतो का? तसे असल्यास उगम (अ).

२. कोपऱ्यातील चौकटीवर ब्राउझरचे चिन्ह आणि बारीक अक्षरांत एखाद्या संकेतस्थळाचे नाव आहे का? असल्यास उगम (आ).

३. इन्कॉग्निटो खिडकीत तेच पान उघडा. तेथे एक्स्टेंशन सहसा बंद असतात. जाहिराती नाहीशा झाल्या, तर उगम (इ).

४. दुसऱ्या ब्राउझरमध्येही तोच त्रास होतो का? होत असल्यास उगम (ई).

५. त्याच वायफायवरील मोबाइलही भलत्याच पानांवर जातो का? जात असल्यास राउटरची डीएनएस सेटिंग तपासा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला.

४. काढण्याची पद्धत

- *नोटिफिकेशन:* क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या क्रमाने जा. परवानगी दिलेल्या यादीतील अनोळखी नावे काढून टाका. संकेतस्थळांना परवानगी विचारण्याचीच मनाई केलीत तर उत्तम.
- *एक्स्टेंशन:* सगळी बंद करा, मग एकेक सुरू करून दोषी शोधा आणि काढून टाका. काढलेले परत आले, तर त्याच खात्याने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरून सिंक होऊन आले असेल. तेथूनही काढा. त्यानंतर ब्राउझरच्या सेटिंग्ज रीसेट करा.
- *प्रोग्राम:* विंडोजमधील अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास बसलेले अनोळखी प्रोग्राम काढा. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप यादीही पाहा. शेवटी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा. सर्ट-इनच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'वरही मोफत साधने मिळतात.

घरच्या संगणकावर क्रोमच्या मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असे दिसले, तर बहुधा एखाद्या प्रोग्रामने ब्राउझरवर धोरण लादलेले असते. अशा वेळी आधी तो प्रोग्राम शोधा. नुसते एक्स्टेंशन काढून भागणार नाही.

५. पडदा अडवणारा इशारा

पडदाभर निळे पान, भोंग्याचा आवाज आणि 'संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर: हेही वेबपानच असते, फक्त फुल स्क्रीनमध्ये उघडलेले. एस्केप कळ काही क्षण दाबून धरा. तरीही हटले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. ब्राउझर पुन्हा उघडताना 'रिस्टोअर' दाबू नका.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. क्रमांक दिसला की इशारा खोटा, एवढी एकच खूण घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

फोन केल्यास पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखे प्रोग्राम बसवायला लावतो आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवतो. अगदी निरोगी विंडोजमध्येही अशा नोंदी भरपूर असतात. तुमच्या वसतिगृहातील संगणकावर आजच पाहून खात्री करा.

हा धंदा आपल्याही देशातून चालतो. केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र-२' मोहिमेत मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून अशा कॉल सेंटरांवरही कारवाई केली. तांत्रिक मदतीच्या नावाखाली तेथून परदेशी नागरिकांना फसवले जात होते. पदवीनंतर तुम्हाला अशी 'टेक सपोर्ट'ची नोकरी देऊ केली, तर ग्राहक कसा येतो हे आधी विचारा. तो खोट्या पॉप-अपमधून येत असेल, तर तुम्ही गुन्ह्यात सामील होत आहात.

६. फोन केला असेल, पैसे गेले असतील तर

१. संगणकाचे इंटरनेट लगेच तोडा.

२. बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा. सोबतच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून येथे मिनिटे मोलाची असतात.

३. दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला.

४. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. त्यासाठी संदेश, क्रमांक आणि व्यवहाराचे तपशील जपून ठेवा.

५. दूरनियंत्रणाचा प्रोग्राम काढा. पलीकडच्या माणसाने आणखी काय बसवले याची खात्री नसेल, तर फाइलींची प्रत घेऊन विंडोज नव्याने टाका. येथे मात्र तो उपाय योग्य आहे.

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीबाबत असे घडले असेल, तर रागावू नका. बोलणी खावी लागतील या भीतीने माणूस गप्प राहतो आणि तक्रारीला उशीर होतो. फसवणाऱ्याला तोच वेळ हवा असतो.

सराव

१. ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यात जाहिरात आली. क्रोम पार्श्वभूमीत चालू राहू शकतो हे लक्षात घेऊन दोन शक्य उगम सांगा. त्यांतला खरा कोणता, हे कोणत्या चाचणीने ठरवाल?

२. तुमच्या ब्राउझरमधील प्रत्येक एक्स्टेंशनची परवानगी तपासा. कामाच्या मानाने कोणती परवानगी जास्त वाटते?

३. सुपरफिशच्या प्रकरणात प्रत्येक लॅपटॉपची किल्ली वेगळी असती, तर धोका कितपत कमी झाला असता?