रेड्याची पारख

कोल्हापुरांत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलें दूध पिणाऱ्या श्रोत्यांस म्हशीची पारख सांगावयास नको. पण पंढरपुरी रेडा कसा पारखावा? त्याचा गुण त्याच्या लेकींच्या दुधावरूनच कळणार.

समजा, एका रेड्याच्या ५ लेकी बरोबरीच्या म्हशींहून रोज सरासरी २ लिटर अधिक देतात. दुसऱ्याच्या ४५ लेकी १ लिटरच अधिक देतात. पहिला श्रेष्ठ वाटेल. परंतु पांचांच्या सरासरींत चारा, निगा आणि निव्वळ दैव यांचाहि हात मोठा असतो. म्हणून संख्याशास्त्रज्ञ एक पूर्वज्ञान हिशेबांत घेतो: बहुतेक रेडे सामान्यच असतात. दुधांतील फरकाचा पाव हिस्सा आनुवंशिक धरल्यास लेकींच्या संख्येंत १५ मिळवून त्या बेरजेनें मूळ संख्येस भागावें. पहिल्याचा अपूर्णांक पाव, दुसऱ्याचा पाऊण. तेव्हां पुढील लेकींकडून अपेक्षा अनुक्रमें अर्धा व पाऊण लिटर. दुसराच सरस! पहिल्याच्या मालकास हें रुचणार नाहीं, तें वेगळें.

या विचाराचें मूळ थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या १७६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आहे. जियानोला व फर्नांडो यांनीं १९८६ मध्यें तो पशुपैदाशीस पद्धतशीर लावून दाखविला.

आमच्याकडे दोन-तीन म्हशींचे गोठे फार, नोंदवह्या थोड्या. लेक दुधाला येईपर्यंत वर्षें जातात. तोंवर चुकीच्या रेड्याची संतति गांवोगांवीं पसरलेली असते. म्हणूनच ही सावधगिरी. पहिल्याच्या लेकी ४५ झाल्या व तीच सरासरी टिकली, तर हेंच गणित त्यास दीड लिटर देईल.