त्रिकोण हलत नाही!

'लातूर पॅटर्न' आता घराघरांत माहीत झालाय. दहावी झाली की राज्यभरातली मुलं लातूर-नांदेडला येतात, खोली घेऊन 'नीट'च्या तयारीला लागतात. ते बघून आपणही तिसरी-चौथीतल्या लेकरांकडून व्याख्या घोकून घेतो. पण मैत्रिणींनो, विज्ञान आधी हातात यावं लागतं, मग डोक्यात शिरतं!

मराठवाड्यातल्या मुलांना हे काही नवीन नाही. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करायची, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे. दोन्ही चाकं सारखी नसली की गाडी वाकडी पळते, हे पोरं आपली आपणच शिकायची.

अरविंद गुप्ता यांनी हाच मार्ग शाळेत नेला. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले हे इंजिनिअर पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. 1978 मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या यांतून त्यांनी जोडणीचा खेळ तयार केला. पुढे पुण्याच्या 'आयुका'तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून कितीतरी खेळणी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

खेळ अगदी सोपा आहे. नळीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. काड्यांचं गुल खरवडून टाका, हे काम मात्र मोठ्यांनीच करायचं. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खोचा. तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन. आता मुलांना दाबून बघायला सांगा. चौकोन लगेच तिरपा होतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही! तीन बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरतात, म्हणून. चौकोन पक्का करायला मुलं आपणहून मधे तिरकी काडी घालू बघतात, तर ती तोकडी पडते. मग खराट्याची लांब काडी शोधली जाते. चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो, हे आता वेगळं घोकायला नको.

आपल्या भागात हा नुसता खेळ नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या रुंद भिंती ढासळल्या, वरचं जड माळवद खाली आलं, झोपेतली हजारो माणसं गेली. नंतर जुनी घरं मजबूत करताना खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार द्यावेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं. म्हणजे तोच आपला त्रिकोण! 2024 मध्ये हिंगोलीकडचे धक्के नांदेडलाही जाणवले. घर कशाने उभं राहतं, हे आपल्या मुलांना कळायलाच हवं.

सोबत डावपेचांचे खेळही हवेत. अंगणात खडूने एकात एक तीन चौकोन आखा, बाजूंचे मध्य जोडा, नऊ-नऊ खडे घ्या... झाली नवकंकरी! तीन खडे ओळीत आणायचे, समोरच्याचे अडवायचे. एक चाल करताना पुढच्या दोन चाली डोक्यात ठेवाव्या लागतात. गणितात दुसरं काय लागतं?

शाळेच्या पालकसभेत या खेळांसाठी आठवड्याला एक तास मागून घ्या. गुप्तांची पुस्तकं मराठीतही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आणि हो, काड्या जोडायला लेकीलाही बसवा. भावाने केलेलं घर झाडून ठेवायचं काम तेवढं तिच्याकडे नको!