धावपट्टी नजरेआड झाली की...

सर्कलिंग अप्रोच म्हणजे उपकरणांच्या मदतीने एका बाजूने विमानतळाजवळ यायचं आणि ढगांखाली धावपट्टी दिसली की ती नजरेसमोर ठेवत, वळसा घालून दुसऱ्या बाजूने उतरायचं. उंची कमी, चुकीला जागा त्याहून कमी.

१५ एप्रिल २००२. दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर चायनाचं बोईंग ७६७ असाच वळसा घेत होतं. ढग खाली उतरलेले. धावपट्टीकडे वळायला उशीर झाला, धावपट्टी दिसेनाशी झाली, तरी उतरण्याचा प्रयत्न वेळेत सोडला गेला नाही. विमान डोंगरावर आदळलं. १६६ पैकी १२९ जण गेले. तिथल्या या वळशाचा सराव वैमानिकांनी सिम्युलेटरवर केलेला नव्हता, असं चौकशीत पुढे आलं.

म्हणूनच मला ठामपणे वाटतं, की वळसा निम्म्यावर असताना प्रशिक्षकाने सिम्युलेटरमध्ये मुद्दाम ढग आणून धावपट्टी झाकावी. तिथे विचार करत बसायचं नाही: लगेच गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं, चढत चढत आधी धावपट्टीच्याच दिशेने वळायचं, मग ठरलेला मार्ग धरायचा. वाऱ्याचं गणितही तिथेच घोटून घ्यावं. मागून वारा असेल तर धावपट्टीकडे वळण्याआधी स्टॉपवॉचवर मोजायचे सेकंद कमी करावे लागतात, नाहीतर विमान बघता बघता सुरक्षित क्षेत्राबाहेर जातं.