हॉकी स्टिकची निवड
नियमानुसार हॉकी स्टिकची लांबी 105 सेंटिमीटरपेक्षा आणि वजन 737 ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. परंतु निवडीचा खरा प्रश्न तिच्या बाकाचा, म्हणजे दांड्याला लांबीच्या दिशेने दिलेल्या कमानीचा असतो. ही कमान 25 मिलिमीटरपर्यंतच चालते, आणि ती खालच्या वळलेल्या टोकाकडे जितकी सरकते तितका चेंडू उचलून भिरकावणे, विशेषतः पेनल्टी कॉर्नरवरील ड्रॅग फ्लिक, सोपे जाते, मात्र सरळ फटका नवख्याला अवघड होतो. कार्बनचे प्रमाण वाढले की स्टिक ताठ होऊन फटक्याला जोर येतो, पण अडवलेला चेंडू उसळतो. म्हणून नवशिक्याने, दुकानदार काहीही सांगो, काचतंतूंची स्टिक घ्यावी. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते, कारण सपाट बाजू डावीकडेच असावी लागते.