अर्जातलं कुटुंब

बोईसरला माझ्या धाकट्या भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर गेलं दीड वर्ष कुणी जेवलेलं नाही. तिथे फायली असतात. भाऊ, भावजय आणि दोन मुलं कायमच्या वास्तव्यासाठी कॅनडाला जायच्या तयारीत आहेत, म्हणून पंगत पुन्हा जमिनीवर बसते. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

मी पालघरला राहते. उमरोळी सोडलं की बोईसर. अक्षर बरं आणि वेळ मोकळा, म्हणून फायलींचं काम माझ्याकडे आलं. परदेशी जायचं म्हणजे तिकीट काढायचं आणि लोकरीचे कपडे घ्यायचे, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात पहिले सहा महिने नुसती नावं जुळवण्यात गेले. भावजयीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधार कार्डावर लग्नात भावानं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव आणि पासपोर्टवर या दोहोंची खिचडी! विवाहनोंदणीचा दाखला शोधला, राजपत्रात नावबदल छापून आणला. तांदळातलं नाव पक्कं व्हायला सरकारी राजपत्र लागतं, हे मांडवात कुणाला सुचणार? भाचीच्या जन्मदाखल्यावर जिल्हा ठाणे, धाकट्या भाच्याच्या दाखल्यावर जिल्हा पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला जिल्हा वेगळा झाला, त्याच्या अलीकडची एक आणि पलीकडचा दुसरा.

कागदांचं वयही सांभाळावं लागतं. भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, पदवीची तिथली समकक्षता पाच वर्षं. निमंत्रण आलं की साठ दिवसांत सगळं सादर करायचं. म्हणजे निमंत्रणानंतर धावपळ सुरू करणाऱ्याची गाडी चुकलीच म्हणायची. अर्जदाराच्या वयाचे गुण तिशीपासून घटायला लागतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. भाऊ एकोणचाळीस वर्षांचा. त्याची घाई मला कळते. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे परवाना आहे का, एवढं मात्र आधी विचारावं.

एका रविवारी आम्ही कुटुंबाचा रकाना भरत होतो. तिथल्या नियमानं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि बावीस वर्षांखालची अविवाहित मुलं. आईचं नाव, जन्मतारीख, पत्ता विचारतात. पण येणाऱ्यांत तिला धरत नाहीत. आई बाजूला वाल सोलत होती. तिनं विचारलं, ‘‘माझं नाव कितव्या पानावर?’’

कुणी बोललं नाही. मग भावानं आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसाबद्दल सांगितलं. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आरोग्यविमा मात्र हवा. आई म्हणाली, ‘‘पाच वर्षं खिडकीतून बर्फ बघू?’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘तुझे बाबा अणुकेंद्रात लागले, मागून मी आले, आणि सासूबाई गावी एकट्या राहिल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला तरी विचारा.’’

तारापूरचं अणुकेंद्र ऑक्टोबर १९६९मध्ये सुरू झालं. रत्नागिरीकडून इथे आलेले वडील आजीला मनीऑर्डर पाठवायचे आणि त्यातच कर्तव्य आटोपायचं. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, तेव्हा तिथली कोळीण आईकडे बसून रडून गेली होती. ठरवणारे एक आणि भोगणारे दुसरे, हे आईनं जवळून पाहिलेलं आहे.

आईनं माझ्याकडे येऊन राहावं, असं त्या दिवशी मीच पटकन म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, पण जरा थांबून. ‘‘तुझ्याकडे पाहुणी म्हणून येईन, राहीन इथेच,’’ ती म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

मग तिनंच रंगीत तालमीची अट घातली. मे महिन्यात भाऊ बिऱ्हाडासह नाशिकला सासुरवाडीला गेला आणि आई बोईसरला एकटी राहिली. तिसऱ्या दिवशी गॅसवाला दारात आला. सिलिंडर मिळायला लागणारा आकडा गेला भावाच्या मोबाइलवर आणि भाऊ त्र्यंबकच्या डोंगरात, जिथे रेंज नाही. गॅसवाला सिलिंडर घेऊन परत गेला. विजेचं बिलही त्याच्याच फोनवर येतं आणि मीटर अजून वडिलांच्या नावावर. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली! आईच्या पेन्शनच्या खात्याला दुसरं नाव नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तिला बँकेत कोण नेणार, हेही कुणी ठरवलेलं नव्हतं. दीड वर्षं आम्ही जाणाऱ्यांचे कागद लावत होतो. राहणारीचा एकही कागद लागलेला नव्हता.

आता ते काम चालू आहे. गॅसला आईचा नंबर जोडला, पेन्शनच्या खात्यावर माझं नाव घातलं. गावच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करून घेतोय. अनिवासी झालेल्याला शेतजमीन वारशानं ठेवता येते, विकत घेता येत नाही, आणि भावाच्या सह्या तो इथे असतानाच सोप्या. फ्लॅटचं मुखत्यारपत्र जाण्याआधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं, नाहीतर तिकडून ते भारतीय वकिलातीमार्फत करावं लागतं. त्याचं बचत खातंही अनिवासीचं करून घ्यायचंय.

आईनं स्वतःसाठी निराळी फाईल मागितली, भाचीनं तिला पिवळी आणून दिली. पहिल्या पानावर आईनं माझ्याकडून लिहून घेतलं, ‘रात्री कुणाला हाक मारायची’. खाली तिनं तीन नावं सांगितली. शेजारीण, खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला आणि तिसरी मी.

‘‘मी तिसरी?’’

‘‘मग? टोरांटोला तेव्हा दुपार असेल, पण तो काय करणार? आणि रात्री दोनला पालघरहून तुला गाडी कुठली?’’