परदेशी मुक्काम, पण दुकान न मांडता

व्यापारासाठी परमुलूख गाठणे ही जैन समाजाला नवी गोष्ट नाही. हालारातील ओसवाल कुटुंबे पूर्व आफ्रिकेत पोहोचली, पालनपूरचे हिरेव्यापारी अँटवर्पला गेले, मोत्यांच्या व्यापाराने काही घरे जपानमधील कोबे येथे स्थिरावली. या सर्वांची रीत साधारण एकच होती. आधी नातलगाच्या पेढीवर उमेदवारी, मग स्वतःचे दुकान, त्यानंतर कुटुंब आणि अखेरीस संघ व मंदिर. मोंबासा येथील जैन मंदिर १९६३ साली उभे राहिले, ते अशाच स्थिर व्यापाराच्या बळावर.

आज त्याच परंपरेतील घरांमधून तरुण मुले-मुली निराळ्या तऱ्हेने बाहेर पडू पाहत आहेत. कोणी सॉफ्टवेअर लिहितो, कोणी डिझाइन करते, कोणी परदेशी कंपन्यांचे हिशेब सांभाळतो. काम लॅपटॉपवर चालते. मग ते पुणे, जळगाव किंवा सांगलीऐवजी समुद्रकिनारी एखाद्या बेटावर बसून का करू नये, असा त्यांचा प्रश्न असतो. अशा लोकांना ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. कोविडच्या काळात मॉरिशसने त्यांच्यासाठी व्हिसा सुरू केला. पुढे मलेशिया, थायलंड व इंडोनेशिया यांनीही तोच मार्ग धरला. मुलाने हा विषय जेवताना काढला की घरातील वडीलधाऱ्यांना तो पर्यटनाचा वाटतो. वस्तुतः तो व्यवहाराचा विषय आहे आणि व्यवहाराच्याच कसोट्यांवर तपासला पाहिजे.

व्हिसाची मूळ अट

या चारही देशांच्या व्हिसांत एक समान सूत्र आहे : कमाई देशाबाहेरून व्हावी, खर्च देशात व्हावा. स्थानिक कंपनीत नोकरी करता येत नाही, दुकान मांडता येत नाही, स्थानिक ग्राहकाला माल वा सेवा विकता येत नाही. पूर्वजांनी परदेशात जे केले, नेमके तेच या व्हिसाने निषिद्ध ठरविले आहे. त्यामुळे ‘तेथे जाऊन बाजार पाहील, हळूहळू आपला माल लावील’ ही व्यापारी घरातील स्वाभाविक अपेक्षा मनातून काढून टाकावी. बाजार पाहण्यास हरकत नाही. सौदा करायचा झाल्यास निराळा परवाना लागतो. पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन महिनोन्‌महिने काम करणे तर सरळ नियमभंग होय. त्याची परिणती दंड, परत पाठवणी आणि पुढील प्रवेशबंदी यांत होऊ शकते.

चार देशांच्या अटी

थायलंडने जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला. त्याची मुदत ५ वर्षांची असून प्रत्येक प्रवेशावर १८० दिवस राहता येते. मासिक उत्पन्नाऐवजी येथे शिल्लक पाहतात : खात्यात किमान ५ लाख बात, म्हणजे १२ लाख रुपयांच्या वर रक्कम दाखवावी लागते. ज्याला सणावाराला घरी येऊन परत जायचे आहे, त्याला हा सर्वांत सोयीचा.

मलेशियाचा ‘डी रांताऊ’ पास २०२२ पासून मिळतो. तो ३ ते १२ महिन्यांचा असून आणखी १२ महिने वाढविता येतो. संगणक क्षेत्रातील अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न किमान २४,००० डॉलर, म्हणजे २० लाख रुपयांच्या वर असावे लागते. अन्य व्यवसायांसाठी मर्यादा ६०,००० डॉलरची आहे. पती-पत्नी व मुलांना सोबत नेता येते.

इंडोनेशियाचा एक वर्षाचा व्हिसा बाली बेटाकडे डोळे लावून बसलेल्यांसाठी आहे. त्यासाठी वार्षिक ६०,००० डॉलर, म्हणजे ५० लाख रुपयांहून अधिक उत्पन्न दाखवावे लागते. बालीची छायाचित्रे सर्वाधिक प्रसिद्ध असली तरी बहुसंख्य नवोदितांच्या वेतनाला हे दार बंद आहे.

मॉरिशसचा ‘प्रीमियम व्हिसा’ २०२० च्या अखेरीस आला. तो एक वर्षाचा असून वाढवून मिळतो, त्याला शुल्क नाही आणि उत्पन्नाची अट मासिक १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या आसपास आहे. चौघांत ही अट सर्वांत सौम्य. मात्र बेटावर बरेचसे अन्नधान्य बाहेरून येत असल्याने रोजचा खर्च थायलंडपेक्षा जड जातो.

हे नियम सरकारे वारंवार बदलतात. म्हणून अर्जापूर्वी संबंधित दूतावासाकडून ते पुन्हा पडताळून घेणे आवश्यक आहे.

घड्याळ आणि सूर्यास्त

ठिकाणांची तुलना करताना घरभाडे, इंटरनेटचा वेग व हवामान यांचा विचार सर्वच करतात. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने आणखी एक कोष्टक मांडावे : कामाचे तास आणि सूर्यास्त.

समजा, काम भारतीय कार्यालयाचे असून वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६.३० आहे. थायलंडचे घड्याळ दीड तास पुढे असल्याने तेथे हे काम ११.३० ते ८ असे चालेल. मलेशिया व बाली अडीच तास पुढे. तेथे दुपारी १२.३० ते रात्री ९. मॉरिशस दीड तास मागे. तेथे सकाळी ८.३० ते सायंकाळी ५.

बालीत सूर्य वर्षभर साधारण ६ ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. म्हणजे ऐन कामाच्या मध्यावर संध्याकाळचे जेवण उरकावे लागणार. चियांग माईत हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या आतच होतो, तेव्हा तेथेही तीच अडचण. पेनांगमध्ये सूर्यास्त सात ते सव्वासात-साडेसातच्या सुमारास होतो, म्हणून कामातील मधली सुटी साधून जेवता येते. मॉरिशसमध्ये जून महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तरीही पाचला काम संपवून वेळेत पानावर बसता येते.

काम अमेरिकेचे असेल तर हिशेब आणखी कठोर होतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे मॉरिशसचे सायंकाळचे ५, तर मलेशिया व बालीचे रात्रीचे ९. जेवण वेळेत होईल, परंतु रात्रीची झोप मात्र जाईल. युरोपशी काम करणाऱ्याला मॉरिशसमध्ये दिवसाउजेडी बहुतेक काम आटोपता येते.

ताटात काय पडेल

शाकाहारी पदार्थ मिळतो आणि जैन आहार मिळतो, यांत मोठे अंतर आहे. थायलंडमध्ये साध्या भाजीतही माशांचा अर्क घालतात. परंतु त्याच देशात चिनी बौद्ध परंपरेतून आलेला ‘जे’ नावाचा आहार आहे. त्यात मांस, मासे, अंडी व दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरे ही त्याची खूण. साधारण ऑक्टोबरात नऊ दिवसांच्या उत्सवात अशा पाट्या गावोगाव दिसतात. एरवीही मोठ्या शहरांत अशी दुकाने सापडतात. बटाटा, गाजर व अळंबी मात्र या आहारात चालतात, हे विसरू नये. बँकॉकच्या सिलोम भागात रत्नव्यापारामुळे जैन वस्ती आहे, हाही आधार आहे. चियांग माई तेथून दूर उत्तरेला.

मलेशियात अनेक पदार्थांत कोळंबीचे वाटण असते, परंतु पेनांगच्या ‘लिटल इंडिया’त आणि क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स भागात भारतीय शाकाहारी उपाहारगृहे व किराणा सहज मिळतो. क्वालालंपूर व इपो येथे जैन मंदिरे आहेत.

बाली हिंदूबहुल असल्याने तेथे शाकाहार सोपा असेल, हा समज चुकीचा आहे. तेथील हिंदू समाज मांसाहारी असून उत्सवांतही मांस शिजते. परदेशी पाहुण्यांमुळे उबुद परिसरात शाकाहारी भोजनालये पुष्कळ आहेत. पण तेथील आवडता ‘टेंपे’ हा पदार्थ सोयाबीनवर बुरशी वाढवून करतात, हे जैन गृहिणीला ठाऊक असावे. याच बेटावर ‘न्येपी’ हा मौनाचा दिवस पाळतात. त्या दिवशी विमानतळही बंद असतो. दिवे, प्रवास, काम, करमणूक सारे वर्ज्य. पौषध करणाऱ्या श्रावकाला त्याचे मोल सांगावे लागणार नाही.

मॉरिशसमध्ये सुमारे दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत. ऊसमळ्यांवर मजुरीसाठी एकोणिसाव्या शतकात गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज गणेश चतुर्थी साजरी करतात, त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. डाळी, पीठ, मसाले बाजारात मिळतात. तरी बाहेरच्या रश्श्यात कांदा-लसूण गृहीत धरावा. चारही देशांत निष्कर्ष एकच : स्वतंत्र स्वयंपाकघर असलेलेच घर भाड्याने घ्यावे.

दिवसांची मोजणी

सर्वांत महाग पडणारी गोष्ट भाडे नव्हे, तर न मोजलेले दिवस होत. थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिल्यास माणूस करदृष्ट्या रहिवासी ठरतो आणि २०२४ पासून कमावलेले विदेशी उत्पन्न तेथे आणल्यास करपात्र होते. मलेशियात हा आकडा १८२ दिवसांचा आहे. मॉरिशसमध्ये तो १८३ दिवसांचा असून तेथील वर्ष जुलै ते जून आहे. इंडोनेशियात कोणत्याही १२ महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा अधिक राहणे पुरेसे होते.

इकडे भारतातही मोजणी चालूच असते, ती एप्रिल ते मार्च. आर्थिक वर्षात १८२ दिवस येथे राहिलेली व्यक्ती निवासी ठरते आणि तिच्या जगभरातील उत्पन्नावर येथे कर लागतो. याखेरीज मागील चार वर्षांत ३६५ दिवस वास्तव्य असेल, तर चालू वर्षातील ६० दिवसही पुरतात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला या ६० दिवसांच्या नियमातून सूट आहे; परंतु अशा व्हिसावर जाणे त्या सुटीत बसते का, हे निघण्यापूर्वी सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे. शिवाय भारतातील खात्यात जमा होणारे वेतन अनिवासी व्यक्तीलाही करमुक्त होतेच असे नाही. ज्याचे भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे आणि जो अन्य कोणत्याही देशात करपात्र नाही, अशा नागरिकाला कायदा निवासीच मानतो. म्हणजे कोठेच कर न भरता फिरत राहण्याची कल्पना टिकणारी नाही. चारही देशांशी भारताचे दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. त्यांचा लाभ कागदपत्रे राखणाऱ्यालाच मिळतो.

पेढी आणि बँक

अनिवासी झालेल्याने साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घेणे फेमा कायद्याने बंधनकारक आहे. अनेक जण ते वर्षानुवर्षे करीत नाहीत. पीपीएफचे चालू खाते मुदतीपर्यंत ठेवता येते, नवे उघडता येत नाही. बँकेचे संदेश ज्या मोबाइल क्रमांकावर येतात तो परदेशातही चालू राहील, अशी तजवीज हवी. बहुतेक भारतीय आरोग्यविमा परदेशी उपचारांना लागू पडत नाही, म्हणून तेथील मुक्कामाचा विमा स्वतंत्र घ्यावा.

कुटुंबाच्या व्यवसायाकडेही पाहावे. खासगी मर्यादित कंपनीत किमान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. एलएलपीमध्ये पदनिर्देशित भागीदारांपैकी किमान एकाने १२० दिवस राहिलेले असावे लागते. दोनच संचालक असतील आणि वडिलांची प्रकृती नाजूक असेल, तर मुलाने वर्षभर बाहेर राहण्याचा अर्थ केवळ भावनिक नसतो. जीएसटीच्या विवरणपत्रांवर सही कोण करणार, बँकेत कर्जमर्यादेच्या नूतनीकरणाला कोण बसणार, वसुलीला कोण जाणार, हे आधी कागदावर ठरवावे.

कोणी कोठे जावे

एकट्या, नव्याने कमावत्या तरुणाने उत्पन्नाची अट पूर्ण होत असल्यास मलेशियापासून आरंभ करावा. तेथे किराणा आहे, मंदिर आहे आणि भारताशी विमानसंपर्क दाट आहे. धर्मक्रिया व वेळापत्रक सांभाळू पाहणाऱ्या दांपत्याला मॉरिशस अधिक मानवेल. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ तेवढा लक्षात ठेवावा. घरच्या व्यवसायाची अर्धी जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने थायलंडचा व्हिसा घेऊन दोन-तीन महिन्यांच्या फेऱ्या कराव्यात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चियांग माई टाळावे, कारण त्या काळात शेत-रान जाळल्याने तेथील हवा धुराने भरते. बाली हे मोठ्या उत्पन्नाच्या व्यक्तीने मर्यादित काळासाठी निवडावे.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचे, याची मर्यादा गृहस्थाने स्वतःहून आखून घ्यावी, हा त्याचा आशय. व्यापार व लोभ अमर्याद पसरू नयेत, हा त्यामागील विचार. साधूही आठ महिने विहार करतात आणि चातुर्मासात एका जागी स्थिर होतात. फिरणे निषिद्ध नाही. मर्यादेविना फिरणे निषिद्ध आहे. म्हणून मुलाने परवानगी मागितली की नकार देण्यापेक्षा त्याच्यासमोर कोरा कागद ठेवावा आणि चार गोष्टी त्याच्याच हाताने लिहून घ्याव्यात : परतीची तारीख, दोन्ही देशांतील दिवसांचा हिशेब, पेढीतील त्याच्या कामाची पर्यायी व्यवस्था आणि पर्युषण वा दशलक्षण पर्वात तो कोठे असेल. हा कागद ज्याला भरता येतो, त्याला जाऊ द्यावे. ज्याला भरता येत नाही, त्याची तयारी अजून व्हायची आहे.