कीर्ती कोणाची, शब्द कोणाचे?

१९८७ साली न्यू यॉर्कच्या कूल मो डी या रॅपरने आपल्या ‘हाउ या लाइक मी नाउ’ या अल्बमबरोबर चक्क एक प्रगतिपुस्तक छापले. शब्दसंग्रह, उच्चार, कल्पकता, आवाज, रंगमंचावरील वावर अशा दहा विषयांत त्याने आपल्या पूर्वसूरींना आणि समकालीनांना गुण दिले आणि स्वतःला अर्थातच सर्वोच्च श्रेणी बहाल केली. परीक्षक व परीक्षार्थी एकच असला म्हणजे निकाल काय लागतो, हे शिक्षकवर्गाला निराळे सांगावयास नको. त्याच अल्बमच्या वेष्टनावर एका जीपगाडीच्या चाकाखाली लाल टोपी चिरडलेली दाखविली होती. ही टोपी म्हणजे एल. एल. कूल जे या प्रतिस्पर्ध्याची ओळख. तो मो डीहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण खपाच्या बाबतीत त्याच्या कितीतरी पुढे गेलेला. ज्याच्या तबकड्या अधिक विकल्या जातात तो मोठा, की ज्याची शब्दांवर हुकमत अधिक तो मोठा, हा वाद त्या टोपीपाशी सुरू झाला नव्हता आणि तेथे मिटलाही नाही. अमेरिकेतील रॅपने आता पन्नाशी ओलांडली असून, थोर कोणाला म्हणावे यावरची भांडणे तेथे आजही तितक्याच हिरिरीने होतात.

रॅप म्हणजे तालावर केलेली बडबड व शिवीगाळ, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांत पुष्कळ आढळतो. तो सर्वस्वी निराधार नसला तरी अपुरा आहे. ठेका चार मात्रांचा आणि अविरत चालणारा. गळ्यातील सुरांचा आधार जवळजवळ नाहीच. मग श्रोत्याला धरून ठेवायचे ते केवळ यमक, अनुप्रास, श्लेष आणि श्वासाच्या जागा यांच्या बळावर. प्रारंभीच्या रॅपरांची यमके ओळीच्या अखेरीस, जोडीजोडीने येत. १९८७ मध्येच ‘पेड इन फुल’ हा अल्बम घेऊन आलेल्या राकिमने ही चाल मोडली. लाँग आयलंडवरील वायनडँच गावचा हा मुलगा सॅक्सोफोन वाजवीत असे आणि जॉन कोल्ट्रेनच्या वादनाचा त्याच्यावर संस्कार होता. त्याने वाक्य ओळीच्या हद्दीपलीकडे नेले, यमके ओळीच्या पोटात पेरली आणि आवाज मुद्दाम संथ ठेवला. त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येक गंभीर रॅपरवर त्याचे ऋण आहे, असे जाणकार मानतात. मोरोपंतांच्या आर्या ज्यांनी शाळेत घोकल्या आहेत त्यांना हा खटाटोप अगदीच परका वाटू नये. ओष्ठ्य वर्ण वगळून रामायण रचणाऱ्या पंतांची प्रेरणा वेगळी होती हे खरे, पण भाषेला हवे तसे वाकवून दाखविण्याची ईर्ष्या तीच. आणि पंत श्रेष्ठ की तुकोबा, हा वाद आपणही काही थोडा काळ घातलेला नाही.

कीर्ती आणि कौशल्य यांची फारकत मुळात कशी झाली, हे पाहण्यासाठी ध्वनिमुद्रणापूर्वीच्या बाजारपेठेकडे जावे लागते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क या तरुणाने बहिणीसाठी भरविलेल्या नाचगाण्याच्या मेळाव्यापासून या कलेचा प्रारंभ मानण्याचा प्रघात आहे. पुढची काही वर्षे रॅप हा सभागृहांत, उद्यानांत आणि शाळांच्या व्यायामशाळांत प्रत्यक्ष ऐकण्याचा प्रकार होता. तेथे दोन रॅपरांचा सामना लागे आणि निवाडा समोरचा जमाव करी. डिसेंबर १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड या क्लबात झालेला सामना या दृष्टीने उद्बोधक आहे. बिझी बी हा तेथला लाडका गडी. जमावाकडून घोषणा वदवून घ्याव्यात, विनोद करावेत, लोकांना हात उंचवायला लावावेत, यात त्याचा हातखंडा. त्याच्यानंतर कूल मो डी उभा राहिला आणि त्याने आधी बांधून आणलेल्या घट्ट, सलग रचनेत बिझी बीच्या एकेका लकबीचे वाभाडे काढले. त्या रात्रीची ध्वनिफीत हातोहात नकलून न्यू यॉर्कभर फिरली. रॅपरने लोकांना नुसते नाचवावे की लिहून आणलेल्या शब्दांनी जिंकावे, या प्रश्नाचा कौल त्या रात्री दुसऱ्या बाजूने लागला, असे या क्षेत्रातले इतिहासकार सांगतात.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, सभागृहातील त्या बाजारात कीर्ती आणि कसब एकाच जागी, एकाच तराजूत तोलले जात होते. बक्षीस मात्र सभागृहाएवढेच लहान होते. ॲल्फ्रेड मार्शलने आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये गायकांच्या उत्पन्नाविषयी लिहिताना हेच कारण दिले आहे. माणसाचा आवाज जेवढ्यांपर्यंत पोहोचतो तेवढीच त्याची बाजारपेठ. तबकडीने ही मर्यादा उठविली, आणि रॅपच्या बाबतीत ती उठविताना पहिल्याच फटक्यात माणसाची अदलाबदल झाली.

सप्टेंबर १९७९ मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या शुगर हिल कंपनीने ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी काढली. रॅपची ही पहिली मोठी व्यापारी सफलता. तीत भाग घेतलेल्या तिघांपैकी बिग बँक हँक हा न्यू जर्सीतील एका पिझ्झाच्या दुकानात काम करीत होता आणि फावल्या वेळात ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या नामांकित रॅपरची व्यवस्था पाहत होता. तबकडीसाठी निवड झाल्यावर त्याने कॅझची वही मागून घेतली आणि तीतल्या ओळी म्हणून टाकल्या. त्यात कॅझने आपल्या ‘कॅसानोव्हा’ या टोपणनावाची अक्षरे एकेक करून उच्चारली होती. हँकने ती अक्षरेही जशीच्या तशी म्हटली. म्हणजे चोरलेल्या भांड्यावर मूळ मालकाचे नाव कोरलेले राहावे तसा हा प्रकार. कॅझला ना श्रेय मिळाले ना पैसा.

याच तबकडीचा दुसरा एक हिशेब आहे. तिचे पार्श्वसंगीत ‘शिक’ या वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’ या गाण्यावर बेतलेले होते. नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्‌स या त्याच्या रचनाकारांनी न्यायालयात जाण्याचा इशारा देताच त्यांची नावे श्रेयात आली आणि स्वामित्वधनही सुरू झाले. सुरावटीचा हक्क कागदोपत्री नोंदलेला होता, म्हणून तो वसूल झाला. ब्रॉन्क्सच्या पोराने वहीत लिहिलेल्या ओळींवर असा काही हक्क असू शकतो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीही नव्हते. कौशल्याचे मूल्य बाजारात शून्य ठरले ते कौशल्य नव्हते म्हणून नव्हे, त्याची मालकी कोठेच लिहिलेली नव्हती म्हणून.

तीन वर्षांनी त्याच कंपनीने काढलेल्या ‘द मेसेज’चे उदाहरण याहून सौम्य, पण त्याच जातीचे आहे. झोपडपट्टीवजा वस्तीतील जिण्याचे इतके थेट चित्र रॅपमध्ये तोवर कोणी काढले नव्हते. ही तबकडी ग्रँडमास्टर फ्लॅशच्या नावाने जगाला माहीत आहे. प्रत्यक्षात फ्लॅशचा तीत सहभाग नव्हता आणि त्याला ती फारशी पसंतही नव्हती. शब्द बव्हंशी एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी याचे व काही मेली मेलचे. फ्लेचरला लेखक म्हणून श्रेय मिळाले, पण कीर्ती मिळाली नाही. तो पुढे शिक्षक झाला, जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे विद्यापीठात शिकवू लागला आणि जानेवारी २०२१ मध्ये निवर्तला.

अर्थशास्त्रात या विषयाला दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. शेरविन रोझेन यांनी १९८१ साली असे दाखविले की, एकच ध्वनिमुद्रण लाखोंना पुरत असल्यामुळे गुणांतील थोडासा फरकही प्राप्तीत प्रचंड फरक पाडतो. म्हणजे श्रेष्ठ तोच श्रीमंत होतो, फक्त प्रमाणाबाहेर होतो. मोशे ॲडलर यांनी १९८५ साली याला छेद दिला. लोक कलावंताचा आस्वाद एकट्याने घेत नाहीत, इतरांशी त्याविषयी बोलूनही घेतात. साहजिकच, इतरांना जो माहीत आहे तोच ऐकणे सोयीचे पडते. गुण सारखे असूनही एखादा केवळ योगायोगाने पुढे निघाला की पुढेच जात राहतो. रॅपचा इतिहास पाहता ॲडलर यांचे म्हणणे अधिक पटण्याजोगे आहे. एम. सी. हॅमरचा १९९० सालचा अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला. शब्दप्रभूंच्या यादीत मात्र त्याचे नाव त्याचे चाहतेही घालीत नाहीत, आणि १९९६ साली त्याने दिवाळे जाहीर केले. उलट क्वीन्सब्रिजच्या नासचा १९९४ सालचा ‘इल्मॅटिक’ समीक्षकांनी पहिल्याच महिन्यात डोक्यावर घेतला, तरी दहा लाखांच्या प्रमाणपत्रासाठी त्याला २००१ सालची अखेर गाठावी लागली. (मुंबईच्या रॅपरांवरील ‘गली बॉय’ या २०१९ च्या चित्रपटात कार्यकारी निर्माता म्हणून ज्याचे नाव आहे तोच हा नास.)

शिवाय कीर्ती मोजणारे साधनही निर्दोष नसते. १९९१ च्या मे महिन्यापर्यंत ‘बिलबोर्ड’ची खपाची यादी दुकानदारांनी तोंडी सांगितलेल्या अंदाजांवर बनत असे. त्यानंतर गल्ल्यावरच्या यंत्रात नोंदलेली प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. पुढच्याच महिन्यात एन. डब्ल्यू. ए. या लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधील टोळक्याचा अल्बम यादीच्या शिखरावर गेला. श्रोते एका महिन्यात बदलले नव्हते. दुकानदारांनी आजवर त्यांना नीट मोजलेच नव्हते. वर्णाचा प्रश्नही येथे आहेच. डेट्रॉइटच्या एमिनेमचा सन २००० मधील अल्बम पहिल्या आठवड्यात सतरा लाखांहून अधिक खपला. यमकांच्या गुंफणीत त्याची बरोबरी करणारे थोडेच आहेत. तरीही आपण काळे असतो तर खप निम्माच झाला असता, अशी कबुली त्याने २००२ मधील एका गाण्यात स्वतःच देऊन ठेवली आहे.

तर मग कौशल्य तरी मोजता येते काय? मॅट डॅनियल्स या अमेरिकन अभ्यासकाने २०१४ साली तो प्रयत्न केला. प्रत्येक रॅपरचे पहिले पस्तीस हजार शब्द घेऊन त्यांत निरनिराळे शब्द किती, ते त्याने मोजले. ७,३९२ शब्दांसह पहिला आला एसॉप रॉक, ज्याचे नाव रॅपच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी ऐकलेले नाही. ३,२१४ शब्दांसह तळाला होता डी. एम. एक्स., ज्याचे पहिले पाचही अल्बम प्रसिद्ध होताच यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. आकड्यांवर प्रेम असणाऱ्यांना हा निकाल मोहात पाडील. परंतु कोशातले शब्द मोजून कवीची उंची ठरत नाही. डी. एम. एक्स.च्या घोगऱ्या, प्रार्थनेसारख्या पुनरुक्तीत जे बळ आहे ते शब्दसंख्येत पकडता येत नाही. १९९६ साली पंचविसाव्या वर्षी मारला गेलेला टुपाक शाकूर घ्या. त्याची यमके राकिमच्या मानाने साधी, कित्येकदा ढोबळ. त्याच्या एकेका शब्दावर मात्र विश्वास बसतो. सोपे लिहिणे हेही कसब आहे, हे टुपाकच्या निंदकांनी मान्य करावयास हवे.

पण सोपे लिहिणे आणि सोपे करून विकणे यांत अंतर आहे, आणि ते जे-झीइतके स्वच्छ कोणी सांगितले नाही. २००३ च्या ‘ब्लॅक अल्बम’मध्ये त्याने उघड म्हटले की, अधिक श्रोते मिळावेत म्हणून आपण रचना उथळ केली आणि मिळकत दुप्पट झाली. निव्वळ कौशल्यावर पैसा मिळत असता तर आपण तालिब क्वेलीसारखे लिहिले असते, अशी पुस्तीही त्याने जोडली. पुरवठादाराने मागणी ओळखून मालाची प्रत ठरविली, एवढेच म्हणून अर्थशास्त्राचा विद्यार्थी यावर गप्प बसेल. कवितेच्या विद्यार्थ्याने गप्प बसू नये.

हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला नायक दुसऱ्याच्या गळ्याने गातो याचे काही वाटत नाही. रॅपमध्ये मात्र जो बोलतो त्यानेच लिहिलेले असावे, असा अलिखित करार आहे. २०१५ साली ड्रेक या सर्वाधिक खपाच्या रॅपरवर, तो दुसऱ्याकडून ओळी लिहून घेतो, असा आरोप मीक मिल या सहव्यावसायिकाने केला. ज्याने लिहून दिल्याचे म्हटले गेले त्याचे नाव गीतकार म्हणून श्रेयनामावलीत छापलेलेच होते. कॅझच्या तुलनेत ही सुधारणाच म्हणावयाची. ड्रेकच्या खपावर त्या आरोपाचा परिणाम झाला नाही. पण २०२४ च्या वसंत ऋतूत केंड्रिक लमारशी त्याची जुंपली, तेव्हा हेच जुने प्रकरण पुन्हा उकरले गेले. लमार हा २०१८ साली पुलित्झर पारितोषिक मिळविणारा पहिला रॅपर. तो ड्रेकवर सरस ठरला, असे बहुसंख्यांचे मत पडले. यात गंमत अशी की, त्याच्या गुंतागुंतीच्या रचनांपेक्षा ‘नॉट लाइक अस’ या जमावाला घोषणा देता येतील अशा गाण्याने सामना संपविला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी पारितोषिके नेली. हार्लेम वर्ल्डमध्ये हरलेल्या बिझी बीला हे पाहून बरे वाटले असेल.

२०१४ च्या जानेवारीत याच लमारला मागे टाकून सिएटलच्या मॅकलमोरला सर्वोत्तम रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळाले होते. हे पारितोषिक लमारचे होते, असा निरोप मॅकलमोरने त्याच रात्री त्याला धाडला आणि तो जगजाहीरही केला. पुढच्या वर्षी त्याने ‘डाउनटाउन’ हे गाणे काढताना ब्रॉन्क्स-हार्लेममधील तीन वयस्क गृहस्थांना बोलावून घेतले. मेली मेल, कूल मो डी आणि ग्रँडमास्टर कॅझ. गाण्यात त्यांच्या वाट्याला थोडाच भाग आला. श्रेयात मात्र तिघांचीही नावे आहेत. ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत ते गाणे बाराव्या क्रमांकापर्यंत चढले. ‘रॅपर्स डिलाइट’ १९८० च्या जानेवारीत छत्तिसाव्या क्रमांकावर थांबले होते.